उशिराची टाळी

हातमोजे काढ, योरिस.
बोटांनी काही होत नाही तबकड्यांना,
बोटांनीच तर झिजल्यात त्या.
बेल्जियमहून टोलेडोपर्यंत नीट आलास,
आता या शेवटच्या पायरीवर डोकं सांभाळ.
तिथे पाइप आहे. पंचेचाळीस वर्षं मीही आपटतोय.

अक्षरांच्या क्रमाने शोधू नकोस, सापडायचं नाही.
या भिंतीला ब्लूज.
बापाने मिसिसिपी सोडली तेव्हा दोन सदरे
आणि या सतरा, गोधडीत गुंडाळलेल्या.
जाड, जड, कपबशीसारख्या फुटणाऱ्या.
हिची कड उडालीय. सुई आत पोचते
तोवर गाणारा अर्ध्या ओळीत असतो,
दुसऱ्यांच्या उंबरठ्यावर पाय ठेवावा
आणि आतलं भांडण कानावर यावं, तसा.
त्याचं नाव चिकटपट्टीखाली होतं.
चिकटपट्टीबरोबर गेलं.

जिन्याखाली सोल. ती लग्नानंतरची.
पगाराच्या शुक्रवारी झेल्मा एक घ्यायची.
आधी किराणा, मग तबकडी, मग विजेचं बिल;
कधी कधी आधी तबकडी.
कव्हरांच्या पाठीवर हिशेब आहेत बघ तिचे:
अंडी, साबण, रॉस्कोच्या बुटांचे नवे तळ.
डाग म्हणून किंमत पाडणार असशील तर पाड.
घासाघीस करणारा बरा,
गप्प बसणारं गिऱ्हाईक महागात पडतं.

आणि फंक इथे, हाताशी, वॉशिंग मशीनवर.
मी काचेच्या कारखान्यात. रात्रपाळी. भट्टी.
सकाळी घरी यायचो तर कानात तीच घरघर,
ती फक्त बेस गिटारने निघायची.
काट्याने काटा.
शेजारीण झाडूने भिंत ठोकायची,
तीही हळूहळू ठेक्यात ठोकू लागली.

आता ती, जिच्यासाठी आलास.
दोनशेच काढल्या होत्या. मिस ओफीलियाच्या पार्लरमागे
गॅरेज, भिंतींना गोणपाट, चार पोरं,
एकाची ड्रमची काठी तर खुर्चीचा पाय तासून केलेली.
टाळ्यांना कुणीतरी हवं होतं.
झेल्मा केस करून घ्यायला आलेली, अर्धे कर्लरमध्ये,
तशीच उठवून नेली तिला.
मजुरी आठ डॉलर आणि तळलेल्या मासळीची थाळी.

ऐक.
सगळे कसे समेवर कोसळतात, एकदम,
मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळावेत तसे.
टाळीही तिथेच.
तिथेच.
तिथेच.
आणि आता, या कडव्यानंतर—
ऐकलीस?
केसभर उशिरा.

तुमच्याकडच्या कुणीतरी लिहिलंय म्हणे
की ही मुद्दाम साधलेली करामत आहे.
अरे, ती दाराकडे बघत होती!
गिटारवाल्याकडे माझे पाच डॉलर अडकलेले,
ते मागायला मी आलो होतो, दारात उभा.
ती म्हणायची, तुझ्याकडे कोण बघतंय,
मागे रस्त्यावर कुणाची तरी गाडी उचलून नेत होते,
ती बघत होते मी.
चाळीस वर्षं भांडलो यावरून.
निकाल लागला नाही.
आता लागायचाही नाही.

दोन प्रती आहेत. कोरी तू घे.
तिच्यावर सुई कधी टेकलीच नाही,
तेव्हा ती टाळी तिच्यात वेळेवर पडते की काय,
देव जाणे.
ही खरखरणारी माझ्याकडे राहू दे.
रॉस्को फिनिक्सला नेतोय मला. तिथल्या घरांना तळघर नसतं,
आणि प्लेअर बॅगेत मावत नाही.
बघू.
पाच डॉलर? नाही, अजून मिळाले नाहीत.

पैसे मोजून घेतले. बरोबर आहेत.
खोका खालून धर, कडेने नको,
आणि जाताना डोकं सांभा—

अरे.
थांब, बर्फ आणतो.